बत्तीस बायका आणि लोखंडाची सुई

सत्यवती गिरकर कुणाशी बोलायला लागली की आधी त्याच्या खालच्या पापणीकडे बघायची. मालवणच्या मासळीबाजारात बांगडे घ्यायला वाकली, तर समोरची बाई भाव सांगायच्या आत हिचा अंगठा तिच्या गालावर. पापणी जराशी खाली ओढायची, आतला रंग बघायचा आणि म्हणायचं, "पांढरी पडलंस गो. उद्या दवाखान्यात ये."

बाजारातल्या बायका हसायच्या. "हिका मासळीचे कल्ले बघूचे सोडून इकणारणीचे डोळे बघूचे असतत," असं त्या तिच्या तोंडावर म्हणायच्या. पण दुसऱ्या दिवशी दहातली एखादी तरी यायची.

सत्यवती मूळची शिरोड्याची. रत्नागिरीला सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षण घेऊन ती १९५१ साली मालवणात डॉक्टर हरिश्चंद्र तेंडोलकरांच्या दवाखान्यात लागली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती. सडपातळ, उंच, नऊवारी पांढरं लुगडं आणि पायांत जाड वहाणा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "सवड गावली नाय" म्हणायची आणि विषय संपवायची. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिथेच राहायची. डॉक्टर तिला सत्यवतीबाई म्हणत. बाकी साऱ्या गावाची ती नर्सबाय.

त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांतल्या बायकांना रक्तच नसे. शेतात, माडांच्या बागेत, वाळूत अनवाणी फिरायचं, त्यामुळे पायांतून जंत शिरायचे आणि आतड्याला चिकटून रक्त प्यायचे. वर दर दीड-दोन वर्षांनी बाळंतपण. बाई चालताना धापा टाकायला लागली की घरचे म्हणत, "आळशी झाली." मग ती बाळंत होताना, नाहीतर त्यानंतरच्या आठवड्यात जायची, आणि घरचे म्हणत, "नशीब."

डॉक्टर आधी जंताचं औषध देत, मग लोखंडाच्या गोळ्या. गोळ्यांनी पोटात मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. बायका घाबरून गोळ्या परसात फेकून द्यायच्या. एकदा खाडीपलीकडच्या सर्जेकोटात सत्यवतीने एका घरामागच्या केळीच्या बुंध्याशी सतरा गोळ्या वेचल्या होत्या. केळ मात्र चांगली फोफावली होती.

रक्त मोजायचं काम तिचंच. बोटाला टोचून काचेच्या बारीक नळीत थेंबभर रक्त ओढायचं, ते आम्लात सोडायचं, ते तपकिरी झालं की पाण्याचा एकेक थेंब टाकत शेजारच्या नमुन्याच्या रंगाशी जुळवायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. निरोगी माणसाचा शंभराच्या जवळ. सत्यवतीच्या वहीत पंचेचाळीस, चाळीस, अडतीस असेच आकडे असायचे.

१९५७ च्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटीतून मुंबईहून एक खोका आला. डॉक्टरांनी तो स्वतः उघडला. कापसात ठेवलेल्या काचेच्या बाटल्या होत्या आणि त्यांत काळसर तपकिरी, काजूच्या सालीच्या डिंकासारखं दाट औषध.

"हे लोखंड आहे," डॉक्टर म्हणाले. "सुईतून द्यायचं. आता केळीला खत घालायला नको."

"लोखंड सरळ अंगात?" सत्यवती दचकली.

"नुसतं नाही. नुसतं लोखंड टोचलं तर विष होईल. याच्या कणाकणावर साखरेच्या जातीचं वेष्टण चढवलंय. एकेक कण इतका बारीक, की माझ्या मायक्रोस्कोपातूनही दिसायचा नाही."

"मग तो आत जाऊन करतो काय?"

डॉक्टरांना प्रश्न विचारलेला आवडायचा. त्यांनी औषधाच्या कागदाच्या पाठीवर एक माणूस काढला. कमरेच्या खाली सुई, पोटात उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा आणि मांडीचं एक लांब हाड. "इथून हळूहळू रक्तात जातो. यकृतात, प्लीहेत आणि हाडाच्या मगजात काही खादाड पेशी बसलेल्या असतात. परकं काही दिसलं की गिळायचं, हेच त्यांचं काम. त्या हे कण गिळतात, वरचं वेष्टण फोडतात आणि आतलं लोखंड काढून घेतात. त्याचं पुढे रक्त होतं."

सत्यवतीने चित्रातल्या यकृतावर बोट ठेवलं. "म्हणजे हळदीच्या पानातली पातोळी. पान सोलायचं आणि आतलं खायचं."

डॉक्टर क्वचित हसत. त्या दिवशी हसले. "तसंच. फक्त इथलं पानही गोड आहे. शरीर तेही सावकाश जिरवतं."

पहिली बाई सर्जेकोटची यशोदा कुबल. मासे विकायची, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून. पण त्या वर्षी सहावा महिना लागला आणि तिला टोपली उचलवेना. कोळंबच्या खाडीवर पलीकडे नेणाऱ्या तरीत बसली की उतरताना दोघींनी धरायला लागायचं. सत्यवतीने रक्त पाहिलं, तर एकतीस. गोळी पोटात टिकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हिच्यासाठीच आलंय हे औषध."

सत्यवती सर्जेकोटला गेली. यशोदेची सासू काशीबाई उंबऱ्यावर बसून जाळं दुरुस्त करत होती. तिने हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत घालतलात ता समाजला. पण भायर कसा येतला?"

"काय?"

"गोळी पोटातसून भायर जाता. काळा होता, आमका दिसता. ह्या सुयेचा लोखंड खंय जातला? आत ऱ्हवला तर गंजूचा नाय?"

सत्यवतीने डॉक्टरांना विचारलं होतं ते आत कसं जातं. बाहेर कसं जातं हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण काशीबाईने जाळं खाली ठेवून तिच्याकडे असं रोखून पाहिलं, की तिची जीभ वळेना. "माका म्हायत नाय," ती म्हणाली. "डॉक्टरांक इचारून उद्या सांगतंय."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी कपाटातून दोन पुस्तकं काढली, आधी चाळली आणि मग म्हणाले, "बाहेर जात नाही."

"अजिबात?"

"मूत्रपिंड म्हणजे एक जाळं समजा. बारीक मीठ, साखर त्यातून सुटते. हा कण जाळ्याच्या भोकाहून मोठा, म्हणून तो लघवीतून जात नाही. कण फुटून लोखंड मोकळं झालं, तरी त्याला बाहेर जायचं दार शरीराने ठेवलेलंच नाही. जुनं रक्त मोडलं की त्यातलं लोखंड काढून नव्या रक्तात घालायचं, अशी काटकसर. कातडीबरोबर जरासं झडतं, तेवढंच. बाकी रक्त सांडेल तेव्हा."

"आणि टोचलेल्या जागी?"

"थोडं अडकून राहतं. कातडीवर तपकिरी डाग पडेल. पुढे तो फिका होतो असं लिहिलंय. पण बाई, हे औषध येऊन तीन वर्षं झालीत. वीस वर्षांनी काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही."

सत्यवतीने दुसऱ्या दिवशी सर्जेकोटला काशीबाईच्या घरापुढच्या खळ्यात बसून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. वीस वर्षांचंही. शेजारच्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. जाळ्याची गोष्ट यशोदेला लगेच कळली. "म्हंजे बारीक मासो सुटता आणि मोठो अडाकता," ती धापा टाकत म्हणाली. "आणि बायल माणसाचा लोखंड म्हयन्याक नि बाळातपणाक जाता. तां तर आमका ठावक आसा."

काशीबाई मात्र हलली नाही. "सगळा खरा सांगलंस, बरा केलंस. मगे आधी तू घे."

"मी?"

"तू. सगळ्यांच्या पापण्यो ओढतंस, तुझी कोणी ओढलेली आसा?"

आणि काशीबाईने उठून, मिठाने खरखरीत झालेल्या अंगठ्याने सत्यवतीची पापणी खाली ओढली. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एवढ्यानेच सत्यवतीला समजायचं ते समजलं.

दवाखान्यात जाऊन तिने सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं बोट टोचलं. सत्तेचाळीस. जिना चढताना आपल्याला दम लागतो तो वयामुळे, असं ती बत्तिसाव्या वर्षी समजत होती.

पहिली सुई तिला डॉक्टरांनी दिली. पडद्याच्या आत साक्षीदार म्हणून काशीबाई उभी. टोचायच्या आधी कातडी बाजूला ओढून धरायची, टोचून झालं की सोडायची, म्हणजे औषध आल्या वाटेने कातडीखाली झिरपत नाही. डॉक्टरांचीही ती पहिलीच वेळ होती आणि काशीबाई अगदी हाताशी येऊन बघत होती. त्यांचा हात जरा चुकला. आठ दिवसांनी सत्यवतीच्या उजव्या कुल्ल्यावर सुपारीएवढा तपकिरी डाग उमटला. काशीबाई सर्जेकोटला जाऊन म्हणाली, "नर्सबाय जिती आसा. डाग इलो, पण पेज बरी खाता."

मग यशोदेने घेतली. जून महिनाभर, एक दिवसाआड, सत्यवती पावसात खाडी ओलांडून जायची. तरीवाला तिच्याकडे बघून मान हलवायचा. पिशवीत उकळलेली सिरिंज, स्पिरिट आणि एक बाटली. परत येताना काशीबाई काहीतरी बांधून द्यायचीच, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, नाहीतर फणसाच्या आठळ्या. पहिल्या सुईनंतर यशोदेला ताप आला, सांधे दुखले, आणि सत्यवती सगळी दुपार तिच्या उशाशी बसून राहिली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तिसऱ्या आठवड्यात रक्त चाळीस झालं. जुलै सरता सरता छप्पन्न. नारळीपुनवेला समुद्राला नारळ दिला त्याच्या चौथ्या दिवशी यशोदेला मुलगी झाली. रक्त गेलं, पण जाण्याइतकं होतं म्हणून गेलं, आणि आई राहिली. मुलीचं नाव जानकी ठेवलं.

त्यानंतर लोखंडाची सुई घ्यायला बायका आपणहून यायला लागल्या. तीन वर्षांत बत्तीस जणी. सर्जेकोट, दांडी, तोंडवळी, आचरा. ज्यांना गोळ्या चालत त्यांना गोळ्याच. ज्यांचं पोट गोळी ठेवत नसे त्यांनाच सुई. सत्यवतीचा हात इतका बसला, की पुढच्या बायकांना डाग पडायचा तो चिंचोक्याएवढाच. ती वर्षं तिला पुढे नेहमी आठवायची. बाजारातून जाताना एखादी लांबून ओरडायची, "नर्सबाय, आज माझी पापणी बघा, तांबडी भडक!" आणि बाजूच्या बायका आपापल्या पापण्या ओढून एकमेकींना दाखवायच्या.

१९६० च्या पावसाळ्यानंतर एका दुपारी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. टेबलावर विलायतेहून येणारं एक वैद्यकीय मासिक उघडं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला होता. चष्मा काढला की बातमी वाईट, हे ती ओळखून होती.

"तिकडे उंदरांना हे औषध टोचलं," ते म्हणाले. "टोचलेल्या जागी गाठी झाल्या."

"कसल्या?"

"कॅन्सरच्या."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. सत्यवतीने मागे हात नेऊन खुर्चीची पाठ धरली.

"माणसात एकही नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "पण तिकडे औषध तूर्त थांबवलंय. आपणही थांबवायचं." त्यांनी उरलेल्या बाटल्या कपाटात वरच्या खणात ठेवल्या आणि कुलूप लावलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "बायकांना काही सांगू नका. उगीच घाबरतील. करता तर काहीच येणार नाही."

सत्यवतीने डॉक्टरांचं म्हणणं कधी मोडलं नव्हतं. "डॉक्टर," ती सावकाश म्हणाली, "सुई देताना मी त्यांना सगळं खरं सांगितलं, म्हणून त्यांनी ती घेतली. आता हे लपवलं तर तेही खोटं होईल. आणि करता येण्यासारखं एक आहे. जागा बघत राहता येईल."

"बत्तीस जणींच्या? तुम्ही?"

"तेहेतीस."

डॉक्टरांना आकडा कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि होकारार्थी मान हलवली.

दवाखाना रविवारी बंद. पहिल्या रविवारी ती सर्जेकोटला गेली. यशोदा किनाऱ्यावर बसून बांगडे चिरत होती, मीठ लावून सुकवायला. सत्यवती तिच्या शेजारी वाळूत बसली आणि सांगून टाकलं.

यशोदेची कोयती थांबली नाही. दोन बांगडे चिरून झाले, मग तिने विचारलं, "उंदराक किती दिल्यानी?"

"किती म्हंजे?"

"औषध गो. उंदीर केवढो आणि औषध केवढा? ह्या बघ." तिने एक बांगडा उचलून मिठाच्या टोपलीवर धरला. "एका बांगड्याक ही सगळी टोपली लायलंय तर बांगडो ऱ्हवतलो? मगे मीठ वायट म्हणतलंस?"

मासिकातला मजकूर सत्यवतीने आणि डॉक्टरांनी चार वेळा वाचला होता. हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता.

"तां डॉक्टराक इचार," यशोदा म्हणाली. हात धुतले, उठली, आणि माडांच्या आड जाऊन लुगडं बाजूला सारत म्हणाली, "आता बघ माझो डाग. आणि मगे तू फिर. तुझो मी बघतंय. तुका काय मागे डोळे आसत?"

हसावं की रडावं ते सत्यवतीला कळेना. शेवटी दोघीही हसल्या.

डॉक्टरांनी मुंबईला आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्र घातलं. उत्तर आलं, की उंदरांना वजनाच्या मानाने माणसाच्या शेकडो पट औषध आठवड्यामागून आठवडे टोचलं होतं. माणसाला तो धोका दिसत नाही, तरी लक्ष ठेवणं बरं. डॉक्टरांनी पत्र सत्यवतीपुढे सरकवलं. "तुमच्या यशोदेला प्राध्यापक करायला हवं," ते म्हणाले.

मग सुरू झाले ते रविवार. वर्षातून दोनदा प्रत्येकीकडे जायचं, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा शिमगा झाला की. पहाटे चहा पिऊन निघायचं, एस.टी. जाईल तिथवर एस.टी.ने, पुढे तरीने, पुढे पायी. डागाची लांबीरुंदी ती लुगड्याच्या ओच्यात ठेवलेल्या लाकडी पट्टीने मोजायची. बोटांनी खोल दाबून बघायची, गाठ लागते का. मग पापणी. एवढं झालं की वही बंद, आणि पुढचा वेळ त्या घराचा. कुठे तिसल्यांची म्हणजे शिंपल्यांची आमटी, कुठे उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी. तोंडवळीला एक बाई तिच्यासाठी दर खेपेला ओल्या काजूंची उसळ करायची. आचऱ्याला देवळापुढच्या पारावर बसून वहाणांतली वाळू झाडायची, तोवर कुणीतरी शहाळं फोडून हातात द्यायचं. कुणाची मुलगी वयात आली, कुणाचा घोव मुंबईच्या गिरणीतून आला की नाही, कुणाच्या सासूने बोलणं टाकलंय, हे सगळं तिला डागाबरोबर कळायचं. एकटीने राहणाऱ्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच बत्तीस माहेरं मिळाली होती.

१९६१ च्या शिमग्यानंतर आचऱ्याच्या चंद्रावती पेडणेकरच्या डागाखाली तिच्या बोटांना गाठ लागली.

चंद्रावती चाळिशीची, माडांची बाग आणि भात सांभाळणारी, फारशी न बोलणारी. सत्यवतीने एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं. सुपारीसारखी टणक.

"काय गावला?" चंद्रावतीने विचारलं.

"गाठ आसा," सत्यवती म्हणाली. "वायटच आसतली असा नाय. पण डॉक्टरांनी कापून बघूक व्हयी."

चंद्रावतीने लुगडं सारखं केलं. "वांयगणीचा भात कापूचा ऱ्हवलाहा. चार दिसांनी येतंय." आणि खरंच चार दिवसांनी ती आली, एकटी, हातात तवशांची म्हणजे मोठ्या काकड्यांची पिशवी घेऊन.

डॉक्टरांनी जागा बधिर करून गाठ काढली. सत्यवती चंद्रावतीचा हात धरून उभी होती. कोण कुणाला धीर देत होतं ते सांगणं कठीण. गाठ बाटलीत औषधात घालून मुंबईला गेली आणि मग वाट बघणं सुरू झालं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत सत्यवतीने कुणाची पापणी ओढली नाही. बाजारातल्या बायकांनी विचारलं, तर "डोळे दुखतत माझे" म्हणाली. देवाला नवस बोलायला ती देवळाच्या पायरीपर्यंत गेली आणि परत फिरली. नवस कुठला बोलायचा, स्वतःसाठी की त्यांच्यासाठी, हे तिचं ठरेना.

पार्सल आलं ते एका सकाळी, रुग्णांची गर्दी असताना. एक पत्र आणि कापसात गुंडाळलेली काचेची पट्टी. डॉक्टरांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "वाईट काही नाही. सत्यवतीबाई, वाईट काही नाही!" बाहेरच्या रुग्णांना वाटलं, त्यांच्यातल्याच कुणाबद्दल आहे. त्यांच्यातल्या दोघांनी देवाला हात जोडले.

सत्यवती आत जाऊन पाण्याच्या हंड्यापाशी बसली. थोड्या वेळाने डॉक्टर तिला बोलवायला आले. त्यांनी पितळी मायक्रोस्कोप खिडकीशी ठेवून आरशाने उजेड धरला होता.

"बघा," ते म्हणाले.

आधी तिला स्वतःच्या पापणीचे केसच दिसले. मग हळूहळू गुलाबी धागे दिसायला लागले, आणि त्या धाग्यांत ठिकठिकाणी गोल, फुगलेल्या, पोट तुडुंब भरलेल्या पेशी. पोटातलं सगळं निळं.

"निळं ते लोखंड. तपासताना त्यावर रंग टाकतात, तो लोखंडाला लागला की निळा होतो."

"ह्या त्या खादाड पेशी?"

"त्याच. औषध थोडं स्नायूत अडकलं, त्याच्याभोवती शरीराने भिंत बांधली, तीच आपल्या हाताला गाठ लागली. दोन वर्षं झाली, तरी ह्या अजून गिळून बसल्यात. सावकाश देत राहतील."

सत्यवती डोळा काढायला तयार नव्हती. चार वर्षं ती जे तोंडाने सांगत फिरली होती, सोलायचं नि आतलं घ्यायचं, ते इथे तिच्यासमोर होतं. कण दिसत नव्हते, ते दिसण्यासारखे नव्हतेच. पण त्यांना गिळणारे दिसत होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ही काच एक दिवस तशीच ठेवा. जिचं आहे तिला दाखवायचंय."

निरोप मिळाला तशी चंद्रावती दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने आली. वाईट काही नाही हे ऐकून तिने फक्त लांब श्वास सोडला. मग वाकून काचेत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"ह्या माझा?"

"तुझा."

"गोकर्णीच्या फुलासारखा निळा आसा." ती सरळ झाली आणि त्या कमी बोलणाऱ्या बाईच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "माझ्या कुल्ल्यात गोकर्ण फुलली, आणि घरात कोणाक पत्तोच नाय!"

डॉक्टर घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढे विलायतेत ते औषध पुन्हा सुरू झालं, इकडेही मिळायला लागलं. डॉक्टरांनी कपाटातल्या जुन्या बाटल्या मात्र फेकून दिल्या, नव्या मागवल्या, आणि देताना पूर्वीपेक्षा जास्त विचार केला. सत्यवतीला रविवारी फिरायची आता गरज नव्हती. डॉक्टरांनी तसं दोनदा सांगितलं. ती "होय" म्हणाली आणि जात राहिली. डाग फिके होत गेले, चिंचोक्याचे मिरीएवढे झाले, काहींचे गेलेच. बत्तीसमधली एक तोंडवळीच्या खाडीत होडी उलटून गेली. वहीतल्या तिच्या पानावर सत्यवतीने पुढे काही लिहिलं नाही, नुसतं उरलेलं पान कोरं ठेवलं. काशीबाई म्हातारपणाने गेली. यशोदेची जानकी शाळेत जायला लागली.

१९६७ च्या दिवाळीनंतर सत्यवतीला टायफॉइड झाला. महिनाभर अंथरुणावर. उठली तेव्हा पायांत त्राण नव्हतं, आणि दिवाळीची फेरी चुकली म्हणून ती मनातून खट्टू झाली होती. डॉक्टर म्हणाले, "एका फेरीला नाही गेलात तर काय बिघडलं?" ती उशाशी ठेवलेली वही चाळत राहिली.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, डॉक्टर वेंगुर्ल्याला गेलेले असताना, दवाखान्याच्या दारात गलका झाला. सत्यवती भिंतीला धरत बाहेर आली. यशोदा पायरीवर उभी होती, डोक्यावर टोपली. तिच्यामागे चंद्रावती. आणि मागे बायकाच बायका, सर्जेकोटच्या, दांडीच्या, काही पहिल्या एस.टी.ने आलेल्या, काही होडीतून. एकोणीस जणी.

"तू येवक नाय," यशोदा म्हणाली, "म्हणान आमीच इलांव. पट्टी खंय आसा तुझी?"

दाराला आतून कडी घातली. पडद्यामागे एकेकीने जायचं असं ठरलं, पण तिघी-तिघी जायला लागल्या. मोजायचं काम यशोदेने घेतलं, कारण सत्यवतीला वाकवत नव्हतं. आकडे ती ओरडून सांगायची आणि कुणाचा डाग केवढा राहिला यावरून हशा पिकायचा. तोंडवळीची बाई काजूची उसळ घेऊन आली होती. डिसेंबरात ओले काजू कुठले, तिने सुके भिजवून केली होती. "तोंडाची चव गेली आसतली तुझी," ती म्हणाली आणि सत्यवतीच्या हातात वाटी ठेवून समोर बसून राहिली, संपेपर्यंत.

सगळ्यांचं झाल्यावर चंद्रावती म्हणाली, "आता नर्सबायचो."

सत्यवती नको नको म्हणत होती. दोघींनी तिला दंडांना धरून पडद्याआड नेलं.

डॉक्टर दुपारी परत आले, तर त्यांच्याच दवाखान्याला आतून कडी, आणि आतून बायकांच्या हसण्याचा असा कल्लोळ, की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांनी एकदा दार वाजवलं. "थांबा!" असं आतून सात-आठ आवाज एकदम आले. मग ते रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेले, बाकावर बॅग ठेवली, आणि चहा सांगून दाराकडे बघत बसून राहिले.